माशी जाड केली तेव्हापासून

माझ्या वडिलांना गल्लीत सगळे माशीवाले म्हणत. नवीन माणसाला वाटायचं, यांचा मधाचा धंदा असणार. एकदा एक बाई खरोखरच बरणी घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि टेबलावरचं एक जुनं रिव्हॉल्वर उचलून नळीच्या टोकावरचा पितळेचा मणी दाखवला. म्हणाले, "आमच्याकडे एवढीच माशी असते, बाई. मध देत नाही आणि चावतही नाही." बाई बरणी छातीशी धरून जी गेली ती परत गल्लीत दिसली नाही.

नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो इवलासा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. जुन्या रिव्हॉल्वरच्या मागच्या, गोळीवर आपटणाऱ्या घोड्याच्या नाकावर एक खाच असते. खाचेतून माशी दिसली आणि माशीच्या टोकावर निशाण येऊन बसलं, की नेम झाला. बाबांचं सगळं आयुष्य या दोन गोष्टी बघण्यात गेलं. तरुणपणी ते हत्यारं दुरुस्त करायचे. पुढे पुढे त्यांच्याकडे चालती हत्यारं येईनाशी झाली, फक्त म्हातारी यायची. पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेली, जुन्या बाजारातून उचललेली, भिंतीवर टांगून गंजलेली. आणणाऱ्याचा प्रश्न एकच असायचा: याची माशी मूळची आहे, की मागाहून कुणी बसवली?

बाबा हत्यार हातात घेऊन आधी डोळे मिटायचे. अंगठ्याचं नख नळीवरून सावकाश पुढे न्यायचे. माशीच्या बुडाशी नख अडखळलं, की भुवई वर जायची. "मूळची माशी नळीबरोबर म्हातारी होते," असं ते म्हणत. चामड्याच्या म्यानातून वर्षानुवर्षं आत-बाहेर केल्यावर दोघींच्या कडा सारख्याच झिजतात. नळी गुळगुळीत आणि माशी मात्र धारदार असली, की म्हणायचे, "आजोबांच्या तोंडात दुधाचे दात." मग खिडकीशी जाऊन, आरशावर सोडतो तसा नळीवर श्वास सोडायचे. धातूवर वाफ बसायची आणि विरायची. जिथे कधीकाळी डाख देऊन काही चिकटवलेलं असेल, तिथली वाफ बाकीच्यांपेक्षा वेगळी विरते. घोड्यावरची खाच सगळ्यात शेवटी. मूळच्या खाचेत अंधार असतो, कानशीने खोल केलेल्या खाचेत उजेड असतो, ही त्यांची भाषा.

पण बदललेली माशी म्हणजे खोटी, असं ते कधी म्हणाले नाहीत. कुणाला तरी गरज पडली, इतकंच. आणि कसली गरज ते त्यांना त्या माशीवरूनच कळायचं. उंच माशी असली तर हा माणूस जवळून नेम धरणारा. ही हत्यारं जवळच्या निशाणावर वर मारतात, म्हणून त्याने माशी उंच करून गोळी खाली आणली. डावीकडे सरकवलेली असली तर याचा हात चाप ओढताना डावीकडे जायचा. आणि माशी जाड असली, की बाबांचा आवाज मऊ व्हायचा. "याचे डोळे गेले होते. टोक दिसेना, म्हणून बिचाऱ्याने जाड बसवून घेतली." शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी त्यांच्या टेबलाशी बसायची. माझ्या मैत्रिणींना गोष्टी पाठ असायच्या, मला ह्या माशा पाठ होत्या.

गावाबाहेर एका जुन्या दगडी गोदामाच्या मागे जुन्या हत्यारांनी नेमबाजी करणाऱ्यांचा क्लब होता. तिथे वर्षातून काही सामने होत आणि सामन्याचे गट दोन असत. ज्या हत्याराची माशी आणि खाच मूळची, त्याचा एक गट, बदललेल्यांचा दुसरा. कोण कुठे ते बाबा ठरवत. चापाभोवतीच्या कडीला मूळच्यासाठी पांढरा दोरा बांधायचा, बदललेल्यासाठी लाल. कागद नाही, सही नाही. बाबांची गाठ हीच सही, कारण तशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नव्हती. लाल दोरेवाले दुपारी उन्हात खेळत. तोवर बघायला आलेली माणसं घरी जाऊन झोपलेली असत. क्लबच्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या हत्याराला एकदा लाल दोरा बांधला गेला, तेव्हा ते वर्षभर बाबांशी फक्त हवामानावर बोलले.

ठमी ही माझी एकुलती एक मुलगी. तिचे वडील जहाजावर असतात, वर्षातले थोडे दिवस घरी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. म्हणून आम्ही दोघी बाबांकडेच राहायचो आणि ठमी त्यांच्याच टेबलाखाली वाढली. बाहुल्यांच्या जागी कानशी, भांडीकुंडीच्या जागी तेलाची झारी. नेमबाजीही तिला त्यांनीच शिकवली आणि आपल्या वस्तादांचं रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं. त्याची माशी मोहरीएवढी, बारीक, पहिल्या दिवसापासूनची. इतर हत्यारं तपासताना बाबा मधूनच ते काढून शेजारी ठेवायचे. "ही माझी मोजपट्टी," म्हणायचे.

मला काळजी करायची सवय पहिल्यापासूनची. ठमी जरा उशिरा आली, की मी फाटकात उभी. ती शिंकली, की मी औषधाचं कपाट उघडलेलं. आजोबा आणि नात मिळून माझी टिंगल करायचे. बाबा म्हणायचे, "हिच्या हातात हत्यार दिलं ना, तर चाप ओढायच्या आधी ही गोळीला स्वेटर घालील." ठमी त्यावर, "आणि मफलर, आबा, मफलर राहिला." मीही हसायची. त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या नकळत होत गेली. घरात काही बिनसलं, की ते आधी माझ्यापासून लपवायचं, ही रीतच पडली. आईला कशाला, ती उगाच घाबरेल.

त्या उन्हाळ्यात ठमी वीस वर्षांची होती. सामन्याच्या दिवशी मी डबा घेऊन क्लबात गेले होते. गोदामाच्या मोठ्या खिडकीखाली बाबांचं टेबल होतं. माणसं आपापली हत्यारं फडक्यात गुंडाळून रांगेत उभी. बाबा एकेक तपासत होते, नख फिरवत होते, श्वास सोडत होते, दोरा बांधत होते. ठमीची पाळी आली तसे सेक्रेटरी पुढे सरकले.

"काय माशीवाले, नातीलाही तपासणार, की घरचा वशिला?"

"नातीला जास्त तपासणार," बाबा म्हणाले. "घरचं हत्यार फार गोड बोलतं."

सगळे हसले. बाबांनी डोळे मिटले आणि नख नळीवरून पुढे नेलं. माशीपाशी ते थांबलं. मी त्यांच्या समोरच होते, म्हणून मला दिसलं. भुवई वर गेली नाही. चेहरा नुसता जागच्या जागी राहिला, बोलता बोलता एखादा शब्द आठवेनासा झाल्यावर माणसाचा राहतो तसा. मग त्यांनी डोळे उघडले आणि हत्याराकडे न बघता ठमीकडे बघितलं. ती भिंतीशी उभी राहून मनगटावरचा पट्टा सोडत होती आणि परत बांधत होती.

बाबांनी पांढरा दोरा उचलला आणि गाठ मारली. खिडकीशी गेले नाहीत. नळीवर श्वास सोडला नाही. खाच बघितली नाही.

"झालं? एवढ्यात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझंच हत्यार आहे. किती वेळ बघू?"

मला वाटलं, दमले. ऊन फार होतं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

ठमी त्या दिवशी पहिली आली. कप घेऊन घरी आलो, शेजारपाजारचे येऊन गेले. बाबा मात्र जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले आणि टेबलाशी जाऊन बसले. मी ओव्याची पूड नेऊन दिली, ती त्यांनी निमूट घेतली. त्यांच्या पोटाला काही झालेलं नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण कसं कळणार? पोटदुखीवर मी पूड दिली. मला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

त्यानंतर घरात लहानसहान गोष्टी होऊ लागल्या. ठमी वाचताना पुस्तक तिरकं धरू लागली. एकदा म्हणाली, "आई, खिडकीचा हा गज वाकलाय का गं?" मी जाऊन हाताने चाचपडला. गज सरळ होता.

"चल, डोळे दाखवून येऊ," मी म्हटलं.

"झालं सुरू. गज वाकलाय का एवढंच विचारलं मी."

"मग डॉक्टरांनाही तेवढंच विचारू."

"पुढचा सामना होऊ दे, आई. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. दाताच्यासुद्धा."

बाबा तिथेच बसून कानस पुसत होते. ते काही बोलले नाहीत. हेही मला नंतर आठवलं.

पुढचा सामना व्हायच्या आधीच एक सकाळ आली. ठमीच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला होता. तो डोळा तळव्याने झाकून ती चहाचा कप घ्यायला गेली आणि कप लवंडला. मी फडकं घेऊन धावले. तिच्या समोर उभी राहिले. तिचा डावा डोळा अजून झाकलेलाच होता.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

"बघतेय ना."

ती माझ्या कानाकडे बघत होती.

"ठमे, माझ्या तोंडाकडे बघ."

"तेच तर बघतेय," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "तोंडाच्या जागी धूर आहे, आई. बाजूचं सगळं दिसतंय. कान दिसतायत, खांदे दिसतायत. मधे काही नाही."

फरशीवरचा चहा तसाच सोडून आम्ही निघालो. बाबाही चपला घालून बरोबर आले.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई साध्या, हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ठमीच्या डोळ्यात औषध घातलं, अंधाऱ्या खोलीत नेलं, बराच वेळ आत बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी खुर्ची आमच्या जवळ ओढून घेतली. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात, अगदी मधोमध, रक्त झिरपत होतं. आता तिथे व्रण झाला होता.

"सुरुवातीला आली असतीस तर इंजेक्शनं देऊन बरंचसं राखता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता ती द्यायची ती आहे ते आणखी बिघडू नये, एवढ्यासाठीच. आणि डावा डोळा सांभाळायचा. हे कधीपासून होतंय?"

ठमी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. "लक्षात नाही."

"साधारण?"

"लक्षात नाही म्हटलं ना."

कोपऱ्यातल्या बाकावरून बाबांचा आवाज आला. "उन्हाळ्यापासून. तिने माशी जाड केली तेव्हापासून."

डॉक्टर बाईंना अर्थातच काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला समजलं होतं. लहानपणापासून पाठ होतं मला ते.

निघताना बाबा दारात थांबले. चष्माही न लावणारा तो म्हातारा माणूस डॉक्टर बाईंपुढे हात जोडून म्हणाला, "माझा चांगला आहे. सुईत दोरा ओवतो मी अजून. माझ्यातला काढून तिला बसवता येईल का?"

त्या उठून त्यांच्याजवळ आल्या. "बाहेरची काच बदलता येते, आजोबा. मागचा पडदा नाही बदलता येत. तो मूळचा असतो तोच."

बाबांनी मान हलवली. मूळचा, हा शब्द लोकांच्या हत्यारांविषयी आयुष्यभर ते बोलत आले होते.

घरी आल्यावर ठमी आपल्या खोलीत गेली. मी बाबांच्या टेबलासमोर बसले, लहानपणी बसायची तिथेच. त्यांनी स्वतःहून सांगितलं. नख लागताक्षणी त्यांना कळलं होतं. जुना मणी काढून पोरीने नवा बसवला होता, जरासा जाड. पितळ कसल्याशा पाण्याने काळवंडवून जुनं दिसेलसं केलं होतं. काम सुबक होतं. त्यांनीच शिकवलेलं.

"मला वाटलं, लबाडी केली हिने," ते म्हणाले. "जाड माशी पटकन दिसते, नेम लवकर बसतो. जिंकायच्या हव्यासाने केलं असेल. सगळ्यांसमोर लाल दोरा बांधू कसा? माझी नात, माझ्या वस्तादांचं हत्यार. म्हटलं, एकदा जाऊ दे. घरी आल्यावर कान पिरगाळीन. मग तेही जमलं नाही. कप उशाशी घेऊन झोपली होती."

"बाबा," मी म्हटलं, "जाड माशी म्हणजे डोळे गेले. तुम्हीच सांगायचात ना?"

त्यांनी टेबलावरची कानस उचलून परत होती तिथेच ठेवली. मग म्हणाले, "म्हाताऱ्यांचं सांगायचो गं."

अनोळखी मेलेल्या माणसांची दुखणी ज्यांनी नखाने वाचली, त्यांना समोरच्या वीस वर्षांच्या पोरीचं वाचता आलं नाही. जाड माशी म्हाताऱ्याची असते, इतकं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतकं पक्कं ठाऊक नसलेला कुणीही माणूस तिला विचारून मोकळा झाला असता, काय गं, दिसत नाही का तुला?

दुसऱ्या दिवशी बाबा क्लबात गेले. ते रिव्हॉल्वर बरोबर नेलं, सेक्रेटरींसमोर पांढरी गाठ सोडली आणि लाल बांधली. कप परत केला. हत्यारही तिथेच देऊन आले. माझी चूक झाली, एवढंच म्हणाले. कसली चूक ते सांगितलं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले.

ठमीला हे कळलं तेव्हा ती बाबांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"डोळा माझा गेला आणि दोरा बदलायची घाई तुम्हाला?"

"खोटा दोरा होता, ठमे."

"मग तेव्हा का नाही बांधलात लाल? खऱ्याची एवढी चाड होती तर तेव्हाच बांधायचात." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मी चिडले असते. आठवडाभर तुमच्याशी बोलले नसते. पण आई तिथेच उभी होती, आबा. तिने लाल दोरा बघितला असता. माशी का जाड केलीस, का जाड केलीस म्हणून तिने मला रात्रभर झोपू दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी फरफटत डॉक्टरकडे नेलं असतं. आईला ओळखता ना तुम्ही?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझी टिंगल करताना त्यांच्या डोळ्यांत जे चमकायचं, ते त्या दिवसानंतर मी पुन्हा कधी बघितलं नाही. घरात माझ्या काळजीवर परत कुणी विनोद केला नाही. मला त्या विनोदांची अजून आठवण येते.

"तू का नाही सांगितलंस, ठमे?" मी विचारलं.

"तुला सांगितलं की खेळ बंद. आबांना सांगितलं की ते तुला सांगणार." ती बाबांच्या हातांकडे बघू लागली. "मला वाटलं, आबांच्या हाताला कळेलच. ते बोलतील काहीतरी. त्यांनी पांढरा बांधला, तेव्हा वाटलं, त्यांना चाललं म्हणजे फार काही नसेल."

बाबांनी टेबलावरचं भिंग उचलून खणात ठेवलं.

त्यानंतर त्यांनी तपासणी सोडली. लोक येत राहिले, ते सगळ्यांना सांगत, "नजर गेली माझी." लोक हळहळत आणि परत जात. त्यांची नजर कुठेच गेली नव्हती. माझ्या शिवणाच्या सुईत दोरा तेच ओवून देत. गच्चीवरून पलीकडच्या घराच्या दाराची कडी लावलेली आहे की नाही ते सांगत. पण हातात कुणी हत्यार ठेवलं, की ते न बघताच परत करत.

ठमी त्यांच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, औषध द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. इंजेक्शनांसाठी तिला घेऊन मी जायची, बाबा फाटकापर्यंत यायचे आणि आम्ही परत येईपर्यंत तिथेच उभे असायचे. पूर्वी जिथे मी उभी राहायची, बरोबर तिथे.

मग एके दिवशी जेवताना ठमीने डावा डोळा तळव्याने झाकला. ती रोजच असं करून बघायची, धूर वाढला का म्हणून. समोर बाबा बसले होते.

"तुमचे कान फार मोठे आहेत, आबा," ती म्हणाली. "आता तेवढेच दिसतात."

बाबांचा घास हातातच राहिला. ते उठले, खुर्ची उचलली आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. "आता?"

"अजून थोडं पलीकडे."

त्यांनी खुर्ची आणखी सरकवली. "आता?"

"आता नाक येतंय. आता आलात."

त्यानंतर ते तिच्या समोर कधीच बसले नाहीत. नेहमी जरा बाजूला, कडेला, जिथून त्या डोळ्याला ते दिसतील तिथे. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं, मोकळी जागा सोडून म्हातारा कोपऱ्यात काय बसतो. बोलणं परत सुरू झालं. पहिल्यासारखं नव्हे, पण सुरू झालं. शेवटच्या दुखण्यात पलंगावरसुद्धा ते भिंतीकडे सरकून, अंग चोरून पडायचे. नर्स त्यांना मधे घ्यायची आणि ते परत कडेला जायचे. "बाबा, पडाल," मी म्हणायची. ते दाराकडे बघत असायचे. ठमी कुठून येते आणि कुठे उभी राहते, याचा त्यांनी हिशेब मांडलेला असायचा. दोन्ही डोळे उघडे असताना तिला ते नीट दिसत होते, हे आम्ही त्यांना कितीदा सांगितलं. ते मान हलवायचे आणि तिथेच पडून राहायचे.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा आम्ही दोघी त्यांच्या कानशी, चिमटे आणि भिंग क्लबाला द्यायला गेलो. टेबलावर पडून गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून. सेक्रेटरी कधीच बदलले आहेत. तपासणीला दुसऱ्या गावाहून आलेला एक तरुण मुलगा असतो. नम्र आहे, कामाचा मन लावून अभ्यास केलेला. त्याला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. जुन्या कारागिराच्या घरची माणसं, एवढंच. त्याने हौसेने कपाट उघडून एकेक हत्यार दाखवलं.

त्या रिव्हॉल्वरचा लाल दोरा विटून गुलाबी झाला होता. गाठ तीच होती.

"ही बघा, बदललेली माशी," तो ठमीला म्हणाला. "नख लावून बघा, कळेल. काम फार सफाईचं आहे, पण मूळची एवढी जाड नसते. कुणातरी म्हाताऱ्याचं असणार हे. वय झालं, दिसेनासं झालं, की लोक जाड बसवून घ्यायचे."

मला पुढे व्हायचं होतं. सांगायचं होतं त्या मुलाला, म्हाताऱ्याचंच असेल असं म्हणू नकोस. उद्या तुझ्यासमोर कुणी उभं असेल तर आधी त्याच्याकडे बघ, त्याला विचार. ठमीने माझा हात दाबला.

तिने हत्यार हातात घेतलं, डोळे मिटले आणि नख नळीवरून हळूहळू पुढे नेलं. माशीपाशी ते थांबलं.

"हो," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचंच असेल."

तिने ते परत त्याच्या हातात दिलं. आम्ही बाहेर आलो. उन्हात येताच तिने सवयीने डावा डोळा झाकला आणि क्षणभर समोर बघितलं. मी तिच्या बाजूला, जरा कडेला उभी राहिले.